मंद दिवा आणि कर्ण्यातील घरघर

नाटकाचा इतिहास सांगावयाचा म्हटला की नट, नाटककार आणि नाटकमंडळ्या यांची नावे आपोआप पुढे येतात. पडद्यामागे दिवे लावणारा आणि तारा ओढणारा माणूस त्या इतिहासात बहुधा येतच नाही. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत, आणि तेही एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच्या निमित्ताने. रंगमंचावर संध्याकाळ व्हावयाची असते. दिवे हळूहळू उतरू लागतात आणि त्याच क्षणी कर्ण्यातून घरघर सुरू होते. दिवा जसजसा उतरतो तसतशी ती वाढते. आईचे पात्र हलक्या आवाजात बोलू लागते तेव्हा तर ती ऐन भरात असते. सारे प्रेक्षक मान वळवून ध्वनिक्षेपकवाल्याकडे पाहतात. तो बिचारा एक बटण फिरवतो, दुसरे फिरवतो, तार हलवून पाहतो, आणि शेवटी आवाजच कमी करून टाकतो. घरघर कमी होते खरी. पण त्याबरोबर नटाचा शब्दही मागच्या रांगेपर्यंत पोचेनासा होतो.

अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील आपल्या नेरसारख्या तालुक्याच्या गावी नाटक व्हावयाचे म्हणजे शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय, नाहीतर उत्सवाचा मंडप. दिवेवाला एका गावचा, ध्वनिक्षेपकवाला दुसऱ्या गावचा, आणि दोघांनाही वीज एकाच फळ्यावरून घ्यावयाची. पाहुणी मंडळी महिनोन्‌महिने तालीम करून येतात आणि त्यांच्या कष्टांचे चीज व्हावे की नाही हे या फळ्यावर ठरते. म्हणून ही घरघर येते कोठून, हे आपण समजून घेतले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ती ध्वनिक्षेपकाची नव्हेच. दिवा मंद करण्याची जी नवी रीत जगाने स्वीकारली, तिच्या पोटी ती जन्मली आहे. जुन्या रीतीत ती नव्हती.

जुनी रीत म्हणजे किती जुनी? १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेव्हा प्रकाश होता तो तेलाच्या दिव्यांचा. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले तेव्हाही विजेचा प्रश्न नव्हता. पुढे मंडळ्यांबरोबर गावोगाव फिरले ते रॉकेलच्या वाफेवर जळणारे किटसनचे दिवे आणि पेट्रोमॅक्स बत्त्या. हे दिवे लावता येत, विझवता येत; पण दुष्यंत-शकुंतलेच्या भेटीपुरती सांज उतरवावी आणि पुन्हा उजेड करावा, ही सोय त्यांत नव्हती. वात खाली करावी तर धूर, बत्तीची हवा सोडावी तर ती भपकन्‌ जाई. प्रकाश हा त्या काळी नाटकाचा चाकर होता. नाटकात त्याला भूमिका नव्हती.

आणि आवाज? तो नटाच्या छातीतून येई. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या रात्री त्या दोघांच्या गळ्यांवाचून दुसरे कोणतेही यंत्र नाट्यगृहात आवाज पोचवावयास नव्हते. केशवरावांची तार सप्तकातील हाक शेवटच्या बाकावर बसलेल्याच्या कानी पडे. अर्थात तेव्हा घरघर असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मात्र युरोपात प्रकाश आणि आवाज या दोहोंचे भवितव्य त्याआधीच ठरून गेले होते, आणि योगायोग असा की तीन गोष्टी एकाच वर्षी, १८८१ साली, घडल्या.

पहिली लंडनला. त्या वर्षी ऑक्टोबरात तेथे सॅव्हॉय नाट्यगृह उघडले. जोसेफ स्वान यांचे सुमारे बाराशे विजेचे दिवे त्यात बसविले होते. आरंभी वीज केवळ प्रेक्षागृहात होती. रंगमंचावर ती २८ डिसेंबरला आली. मध्यंतरी ८ डिसेंबरला व्हिएन्नाच्या रिंग नाट्यगृहास गॅसच्या दिव्यांमुळे आग लागून शेकडो माणसे मेली होती. लोकांच्या मनात धास्ती होती. तेव्हा सॅव्हॉयचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आले, पेटता दिवा पातळ कापडात गुंडाळून त्यांनी फोडला, आणि कापड जळले नाही हे सर्वांना दाखविले. टाळ्यांचा कडकडाट झाला. विजेच्या दिव्याचा रंगभूमीवरील प्रवेश असा झाला, आणि तो कमी-अधिक करण्याची सोयही तेथे पहिल्यापासून होती.

दुसरी गोष्ट पॅरिसला. तेथे त्याच वर्षी विद्युत्‌-प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर या गृहस्थांनी ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायदिव्यांच्या रांगेशी, ध्वनिग्राहक ओळीने मांडले आणि तारा भूमिगत गटारांतून दोन किलोमीटरांवरील प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. तेथे लोक दोन्ही कानांना दोन यंत्रे लावून ऑपेरा ऐकत. रंगमंच, त्याच्या कडेला दिवे, आणि दिव्यांच्या शेजारी ध्वनिग्राहक, हे चित्र आपल्या कोणत्याही मंडपात आज दिसते तेच नव्हे काय? फरक एवढाच की पॅरिसचे पायदिवे गॅसचे होते. गॅस ध्वनिग्राहकाच्या कानात काही कुजबुजत नाही.

तिसरी गोष्ट अमेरिकेत झाली आणि ती आज आपल्या सर्वांत उपयोगाची. टेलिफोनच्या तारा दुसऱ्या तारांजवळून गेल्या की त्यांत भलतेच आवाज शिरत. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्यावर उपाय काढला. एकाच तारेवर भिस्त न ठेवता दोन तारा घ्यावयाच्या आणि वेणी घालावी तशा त्या एकमेकींभोवती पिळावयाच्या. बाहेरून येणारा उपद्रव मग दोघींवर सारखाच होतो. शेवटी यंत्र फक्त दोघींतला फरक मोजते. उपद्रव सारखा असल्याने तो वजा होऊन जातो, आणि बोलणे शिल्लक राहते. या युक्तीचे पेटंट बेल यांना १८८१च्या जुलैत मिळाले. म्हणजे रोग अजून जन्मास यावयाचा होता तेव्हाच औषध तयार होते!

आता दिवा मंद करण्याच्या रीतींकडे वळू. सर्वांत साधी रीत मिठाच्या पाण्याची. एक चिनी मातीची बरणी घ्यावयाची, तीत मिठाचे पाणी भरावयाचे, तळाशी धातूचा एक पत्रा ठेवावयाचा आणि दुसरा वरून दोरीने खाली सोडावयाचा. दिव्याची वीज या पाण्यातून जाते. पत्रे दूर असले की दिवा मिणमिणतो. जवळ आणले की उजळतो. एकमेकांना टेकले की पूर्ण पेटतो. हौशी नाट्यसंस्थांनी या बरण्यांवर कितीएक चंद्रोदय घडविले. पाणी तापून वाफा निघत, तीत मीठ जास्त झाले तर उकळी फुटे, आणि उघड्या पत्र्यात जिवंत वीज असे ती वेगळीच. तिची शिफारस आज कोणी करू नये. पण एक गुण तिच्यात निःसंशय होता. ती मुकी होती. कारण जास्तीची वीज ती निमूटपणे उष्णतेत घालवीत असे. विजेच्या लाटेचा आकार बिघडवीत नसे.

पुढे नाट्यगृहांत आले ते तारेच्या वेटोळ्यांचे रोधक. त्यांचीही तीच तऱ्हा. दिवा अर्धा केला की उरलेली वीज रोधकात जळे आणि दिवेवाल्याच्या खोलीची भट्टी होई. त्यानंतर आला तो आपल्याकडे ‘डिमरस्टॅट’ या नावाने सर्वांच्या तोंडी बसलेला प्रकार. लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि त्यांवरून फिरणारा कोळशाचा ब्रश. मूठ फिरवावी तसा दाब शून्यापासून २३० व्होल्टपर्यंत चढतो. तो जड असतो, महाग असतो, प्रत्येक मुठीला एक हात लागतो; पण लाट जशीच्या तशी गुळगुळीत राहते. ज्या मंडळांकडे जुने डिमरस्टॅट अजून धडधाकट आहेत त्यांनी ते भंगारात घालू नयेत, असे आम्हांला वाटते.

याच साधनांच्या काळात प्रकाशाला नाटकात भूमिका मिळाली. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगमंचावर खरेखुरे घर उभे केले, त्या घरात मग सकाळ व रात्र यांत फरक दिसणे भाग होते. १९५९ साली कलकत्त्यास उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते आणि माणसे बुडतात, हे केवळ प्रकाशाने दाखविले. १९६२च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये आचार्य अत्र्यांचा लखोबा फिरत्या रंगमंचावरून एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ लागला. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. दारव्हेकर नागपूरचे, आडनाव मात्र आपल्या शेजारच्या दारव्ह्याचे! तोवर ध्वनिक्षेपकही नाट्यगृहांत रुळला होता. २६ जून १९६८ रोजी पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर उघडले तेव्हा प्रकाश व ध्वनी ही दोन्ही खाती नाट्यगृहाच्या रचनेचा भाग मानली गेली होती.

दरम्यान अमेरिकेत दिव्यांच्या कारभारात क्रांती झाली होती. येल विद्यापीठाच्या जॉर्ज आयझेनॉर यांनी १९४७च्या सुमारास काचेच्या वायुनळ्या वापरून दूरवरच्या टेबलावरून दिवे मंद करण्याची योजना सिद्ध केली. मग १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बोटाएवढा एक सिलिकॉनचा तुकडा तयार झाला. आज त्याला थायरिस्टर म्हणतात. तो स्वस्त, हलका, गार राहणारा. एका माणसाने लहानशा टेबलावर बसून साठ दिवे सांभाळावेत असा. जगाने त्याला डोक्यावर घेतले आणि त्यात नवल नाही.

पण हा तुकडा दिवा मंद कसा करतो? येथेच साऱ्या घरघरीचे मूळ आहे, म्हणून थोडे थांबू. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते. म्हणजे तिच्या शंभर अर्ध्या लाटा होतात. थायरिस्टर वीज अडवून धरतो आणि प्रत्येक अर्ध्या लाटेत ठराविक क्षणी एकदम दार उघडतो. लवकर उघडले तर दिवा प्रखर, उशिरा उघडले तर मंद. दिव्याची तार तापलेली असल्याने मधल्या क्षणात ती विझत नाही आणि डोळ्याला काही कळत नाही. पाटाचे दार हलके हलके उचलून पाणी सोडणे निराळे, आणि बंद दार सेकंदाला शंभर वेळा धाडकन्‌ उघडणे निराळे. दिवा निम्म्यावर असतो तेव्हा दार नेमके लाटेच्या माथ्यावर उघडते. त्या क्षणी दाब शून्यावरून एकदम सव्वातीनशे व्होल्टवर उडी घेतो. म्हणूनच घरघर अर्ध्या प्रकाशात सर्वांत जास्त असते, आणि दिवा पूर्ण पेटला की जवळजवळ नाहीशी होते.

या उडीचे धक्के तारांभोवतीच्या हवेत पसरतात, न्यूट्रलमधून फळ्यावर परततात आणि तेथून शेजारच्या यंत्रात शिरतात. ध्वनिग्राहकाकडून येणारी वीज असते सुमारे एक सहस्रांश व्होल्ट. दिव्याच्या तारेत असते २३० व्होल्ट. दोन लाखांहून अधिक पटीने मोठा शेजारी! त्याने नुसता खाकरले तरी याचे बोलणे बुडते. त्यातून हे धक्के तीव्र असल्याने त्यांत शंभराच्या पटीतले अनेक स्वर असतात. आपला पत्र्याचा भोंगा खर्जातली पन्नासाची गुणगुण फारशी काढूच शकत नाही, पण हे वरचे स्वर मात्र नेमके माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत येतात आणि भोंगा ते मोठ्या आवडीने ओरडून सांगतो.

इतके कळल्यावर शोध घेणे अवघड नाही. प्रथम ध्वनिवर्धक साफ बंद करावा आणि दिवे निम्म्यावर आणावेत. तरीही बारीक किणकिण ऐकू आली तर ती दिव्यांच्या तारांतूनच निघते आहे. तिला ध्वनिक्षेपकवाला काही करू शकत नाही. मग ध्वनिवर्धक चालू करून दिवे शून्यावर ठेवावेत. तेव्हाही एकसारखी, खर्जातली गुणगुण असेल तर तिचा डिमरशी संबंध नाही. बहुधा दोन यंत्रे दोन ठिकाणी अर्थिंगला जोडली गेली आहेत आणि त्या वेढ्यातून वीज फिरते आहे. दिव्यांबरोबर चढणारी-उतरणारी तिखट घरघर असेल तरच डिमरला आरोपी करावे. नंतर एकेक ध्वनिग्राहक काढून पाहावा. एखादा काढताच घरघर थांबली तर त्याची तार कोठून आली आहे ते बघावे. बहुतेक वेळा ती दिव्यांच्या तारांच्या जुडग्याबरोबर, एकाच सुतळीने बांधलेली सापडते. दिसावयास नीटनेटके, पण व्हावयाचे तेच होते.

उपायही खर्चाचे नाहीत. ध्वनीच्या तारा रंगमंचाच्या एका बाजूने न्याव्यात, दिव्यांच्या दुसऱ्या बाजूने. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, कारण समांतर धावणाऱ्या तारा एकमेकींत जास्त मुरतात. ध्वनिग्राहक बेल यांच्या युक्तीचा, म्हणजे पिळलेल्या जोडतारेचा व तीन टोकांच्या जोडणीचा असावा. लग्नाच्या वरातीत चालणारी एकेरी तार नाटकाला चालत नाही. ध्वनीची वीज मुख्य फळ्यापासूनच स्वतंत्र ओढून घ्यावी. जमल्यास दिव्यांहून वेगळ्या फेजवरून. मात्र वेगवेगळ्या फेजवरची यंत्रे एका माणसाच्या दोन हातांत येतील अशी ठेवू नयेत, कारण दोहोंमध्ये ४०० व्होल्ट असतात. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवावे. आणखी एक गोष्ट पुष्कळ वायरमनही विसरतात. तीनही फेजवर डिमर असले म्हणजे न्यूट्रल मोकळी राहते हा साध्या दिव्यांचा नियम येथे लागू पडत नाही. कापलेल्या लाटा न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडण्याऐवजी साचतात, आणि तिच्यातला प्रवाह एकेका फेजहूनही वाढू शकतो. बारीक न्यूट्रल तापते, आणि मंडपाला कापड असते.

डिमर विकत घ्यावयाचा असेल तर त्यातला चोक पाहावा. लोखंडावर गुंडाळलेले ते तारेचे वेटोळे दार उघडण्याचा धक्का लांबवते. स्वस्त डिमरमध्ये ते नावापुरते असते. चांगल्यात दाबाची उडी चारशे-पाचशे मायक्रोसेकंदांपर्यंत पसरवली जाते. डिमर जड लागला म्हणून नाक मुरडू नये. त्या वजनातच शांतता आहे.

एका उपायाविषयी मात्र आम्हांला कठोर बोलणे भाग आहे, कारण तो सर्वांना ठाऊक आहे आणि तो लागूही पडतो. ध्वनिवर्धकाच्या तीन पायांच्या पिनेतला जाडा पाय काढून टाकला किंवा अर्थिंगची तार तोडली की गुणगुण बऱ्याचदा थांबते, हे खरे. ती थांबते म्हणूनच ते भयंकर आहे. ज्या दिवशी ध्वनिवर्धकाच्या आत एखादी तार सुटून पेटीला टेकेल त्या दिवशी ती वीज जमिनीत जाण्याऐवजी ध्वनिग्राहकाच्या जाळीपर्यंत येऊन उभी राहील. घामाने ओला झालेला नट अनवाणी पायांनी मातीच्या रंगमंचावर येतो आणि ती दांडी हातात धरतो. पौराणिक नाटकात तर सारेच अनवाणी असतात. अर्थिंगचा वेढा तोडावयाचा असेल तर ध्वनीच्या तारेत लहानसा एकास-एक रोहित्र घालतात. तो बोलणे जाऊ देतो आणि वेढा तोडतो. विजेची अर्थिंग तशीच राहते.

आता दिवेही बदलत चालले आहेत. हजार वॅटचे हॅलोजन पार दिवे पुष्कळ ठिकाणी अजून लागतात, पण त्यांची जागा एलईडी घेत आहेत. त्यांना सरळ पूर्ण वीज मिळते, आणि किती उजळावे याचा हुकूम १९८६ साली अमेरिकेत ठरलेल्या डीएमएक्स ५१२ या पद्धतीने वेगळ्या बारीक तारेवरून जातो. ती तारही बेल यांच्याच पिळाची. त्यामुळे लाटा कापण्याची ती जुनी घरघर जाते. तथापि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आपल्या पोटात वीज सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि मग घरघरीऐवजी कर्ण्यातून बारीक शिटी येऊ लागते. ती शोधण्याची रीत वर सांगितली तीच आहे.

म्हणून उत्सवाच्या चिटणिसांना आमची एक व्यवहाराची सूचना. दिवेवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांना प्रयोगाच्या दिवशी दुपारी एकाच वेळी बोलवावे, निराळ्या वेळी नव्हे. सारे ध्वनिग्राहक उघडे ठेवून संध्याकाळचा प्रवेश दिव्यांनिशी एकदा खाली-वर करून पाहावा. तार हलवावयाची ती तेव्हाच, उन्हात, रिकाम्या खुर्च्यांसमोर हलवावी.